मुलांकडे परदेशी राहायला जाताय? तिथला दवाखाना कोल्हापुरात बसूनच पारखून घ्या

रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्या साठीपुढच्या मंडळींत हल्ली एक विषय सारखा निघतो. कुणाचा मुलगा टोरांटोला, कुणाची मुलगी मेलबर्नला, कुणाचा जावई दुबईत. "आता तिथं दोघंच कशाला राहताय, या इकडं," असा आग्रह सुरू झाला की व्हिसा, तिकीट, घर भाड्यानं द्यायचं की कुलूप लावायचं, यावर महिनोन्‌महिने खल होतो. दवाखान्याचा विषय मात्र "तिकडं काय, सगळं चांगलंच असतं" एवढ्यावर मिटतो.

तिकडं चांगलं असतं, हे खरं आहे. पण ते चांगलं तुमच्या आजाराला, तुमच्या व्हिसावर, रात्री दोन वाजता, किती वेळात आणि कुणाच्या पैशानं मिळणार, हे कुणी विचारत नाही. ते विचारायची वेळ निघायच्या आधी तीन-चार महिने असते. आणि माझं आग्रहाचं सांगणं आहे की हे काम पूर्णपणे मुलांवर टाकू नका. मुलं तिशी-चाळिशीतली असतात. त्यांनी तिथला दवाखाना पाहिलेला असतो तो बाळंतपणापुरता, नाहीतर लेकराच्या तापापुरता. हृदयाचा विभाग कुठं आहे, डायलिसिस कुठं होतं, हे त्यांना ठाऊक नसणं स्वाभाविक आहे. आजार तुमचा आहे, तेव्हा प्रश्नही तुम्हीच काढायचे. उत्तरं शोधायला मुलांची मदत घ्या.

पायरी १: आधी स्वतःची यादी करा

दवाखाना चांगला की वाईट, हे आजार ठरल्याशिवाय ठरत नाही. एका कागदावर तीन गोष्टी लिहा. आता काय आहे: शुगर, बीपी, थायरॉईड, गुडघे. अचानक काय होऊ शकतं: स्टेंट बसलेला असेल तर पुन्हा छातीत दुखणं, बीपी असेल तर अर्धांगवायू, दमा असेल तर थंडीत श्वास लागणं. आणि नियमित काय लागतं: तीन महिन्यांनी रक्त तपासणी, वर्षाला टू-डी इको, डोळ्यांच्या पडद्याची तपासणी.

मग प्रत्येक ओळीपुढं लिहा की त्यासाठी दवाखान्यात काय असायला हवं. हृदयासाठी चोवीस तास अँजिओप्लास्टी होणारी जागा. अर्धांगवायूसाठी असं हॉस्पिटल, जिथं रात्रीही सीटी स्कॅन होतो आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं जातं. ते इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर जवळचं डायलिसिस केंद्र. हा कागद हाती असला की पुढचं सगळं सोपं जातं.

आता फाईल. आपल्याकडे फॅमिली डॉक्टरांची चिठ्ठी हातानं लिहिलेली, औषधांची नावं कंपनीची, आणि निम्मा इतिहास डॉक्टरांच्या डोक्यात. तो परदेशातल्या डॉक्टरपर्यंत पोचत नाही. डॉक्टरांना विनंती करून लेटरहेडवर, टाईप केलेलं, इंग्रजीतलं एक पानी पत्र घ्या. त्यात आजार, कोणत्या वर्षी काय ऑपरेशन झालं, कशाची अ‍ॅलर्जी आहे, आणि प्रत्येक गोळीचं जेनेरिक नाव मिलिग्रॅमसह असू दे. डिस्चार्ज कार्ड, अँजिओग्राफीची सीडी आणि अलीकडचा एक ईसीजी बरोबर ठेवा. जुना ईसीजी फार कामाला येतो. नवीन ईसीजीत दिसणारा बदल आजचा आहे की पाच वर्षांपूर्वीचा, हे तो शेजारी ठेवल्यावरच कळतं.

औषधांच्या बाबतीत चार गोष्टी आवर्जून पाहा, कारण इथं चूक झाली तर जिवावर बेतू शकतं.

पहिली, इन्शुलिन. आपल्याकडे मिळणाऱ्या इन्शुलिनच्या बऱ्याच बाटल्या एका मिलीलीटरला ४० युनिटच्या असतात आणि त्यांची सिरिंजही तशीच, लाल टोपणाची असते. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलियात इन्शुलिन एका मिलीलीटरला १०० युनिटचं मिळतं. इथून नेलेल्या ४० च्या सिरिंजनं तिथलं १०० चं इन्शुलिन घेतलं तर अडीचपट डोस जातो आणि शुगर धोकादायक खाली येते. एक तर निघायच्या आधी डॉक्टरांना विचारून पेनवर या, नाहीतर इथल्या सिरिंजा तिकडं नेऊच नका.

दुसरी, रक्त पातळ ठेवणारी गोळी. हृदयाची झडप बदललेल्या अनेकांना इथं अ‍ॅसिट्रोम दिली जाते. ते औषध अमेरिकेत मिळत नाही, तिथं वॉरफरिन देतात. हा बदल इथल्या हृदयतज्ज्ञाच्या देखरेखीखाली, रक्त तपासून, आधीच करून घ्या.

तिसरी, दुखण्याच्या गोळ्या. निमेसुलाईडला वर सांगितलेल्या चारही देशांत मान्यता नाही, आणि दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या आपल्या अनेक गोळ्या तिथं मिळत नाहीत. पॅरासिटामॉल मिळतं, पण अमेरिकेत आणि कॅनडात त्याचं नाव अ‍ॅसिटामिनोफेन. दुबईला निघाला असाल तर ट्रामाडॉल किंवा कोडीन असलेली गोळी-सिरप बॅगेत टाकण्याआधी तिथल्या सरकारची ऑनलाईन परवानगी लागते.

चौथी, आकडे. आपण शुगर १२६ म्हणतो, तीच ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियात ७ म्हणून लिहितात. आपल्या आकड्याला १८ नं भागायचं. तिथला डॉक्टर "तुमची शुगर १४ आहे" म्हणाला तर आपल्या हिशेबात ती अडीचशेच्या वर आहे.

पायरी २: बिल कोण भरणार, ते देशानुसार पाहा

शेजारच्या घरात सगळं उत्तम असलं म्हणून आपल्याला तिथं जेवण मिळेलच असं नाही. परदेशातल्या सरकारी आरोग्यसेवेचंही तसंच आहे. ती तिथल्या कायम रहिवाशांसाठी असते. तुम्ही कोणत्या व्हिसावर जाता, यावर सगळं ठरतं.

अमेरिकेत मेडिकेअर ही ६५ वर्षांपुढच्यांची योजना. पण तुम्ही ७० वर्षांचे असाल आणि ग्रीन कार्डही हातात आलं असेल, तरी सलग ५ वर्षं तिथं राहिल्याशिवाय ती घेता येत नाही. आणि हॉस्पिटलचा भाग विनाहप्ता मिळायला स्वतः किंवा जोडीदारानं तिथं साधारण १० वर्षं नोकरी करून कर भरलेला असावा लागतो. मुलानं भरलेला कर आई-वडिलांच्या खात्यात मोजला जात नाही. त्यामुळे पहिली पाच वर्षं खासगी विम्याची सोय लागते. मुलांशी याची आकड्यांत बोलणी करा, संकोच करू नका.

व्हिजिटर व्हिसावर जाणाऱ्यांनी विम्याची पॉलिसी शब्द न्‌ शब्द वाचावी. एक प्रकार असतो ठरावीक रकमेचा: खाटेचे दिवसाला इतके, ऑपरेशनचे इतके. हप्ता कमी म्हणून तो घेतला जातो आणि बिलाचा मोठा हिस्सा अंगावर येतो. दुसरा प्रकार खर्चाची ठरावीक टक्केवारी देतो. तो महाग असतो, पण माझ्या मते वयस्करांनी तोच घ्यावा. जुन्या आजारांबद्दल पॉलिसीत बहुधा एवढंच असतं की तो आजार अचानक उफाळला तर ठरावीक मर्यादेपर्यंत खर्च मिळेल. ती मर्यादा वयाप्रमाणे कमी होते. नेहमीची तपासणी, डायलिसिस, मोतीबिंदू यातलं काही त्यात बसत नाही. इथून काढलेल्या प्रवास विम्यातही जुन्या आजाराचं कलम असंच बारीक अक्षरात असतं.

कॅनडाच्या सुपर व्हिसावर आई-वडिलांना एका वेळी ५ वर्षांपर्यंत राहता येतं, पण किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा दाखवावा लागतो. प्रांताचं सरकारी संरक्षण त्यावर मिळत नाही. कायम वास्तव्य मिळालं की मिळतं, पण नियम प्रांताचा असतो. ब्रिटिश कोलंबियात आल्याचा महिना संपून आणखी दोन महिने थांबावं लागतं, तेवढ्या काळाचा खासगी विमा हवाच.

ऑस्ट्रेलियाचा काही देशांशी परस्पर आरोग्यसेवेचा करार आहे. त्यात भारत नाही. म्हणजे तात्पुरत्या व्हिसावर सगळं बिल विम्यावर नाहीतर खिशावर. इंग्लंडमध्ये अपघात विभागातली तपासणी कुणालाही मोफत आहे, पण तिथून वॉर्डात दाखल केलं की व्हिजिटरला सरकारी दराच्या दीडपट बिल येतं. दुबईत आरोग्य विमा सक्तीचा आहे आणि आश्रितांचा विमा काढायची जबाबदारी स्पॉन्सरची, म्हणजे मुलाची किंवा मुलीची. पॉलिसी आहे एवढ्यावर थांबू नका. तिच्या यादीत घराजवळचं कोणतं हॉस्पिटल आहे, ते पाहा.

आणि अ‍ॅम्ब्युलन्स. आपल्याकडे १०८ ला फोन केला की पैशाचा विचार मनात येत नाही. अमेरिकेत अ‍ॅम्ब्युलन्सचं बिल वेगळं येतं. ऑस्ट्रेलियाच्या सरकारी योजनेत (तिचंही नाव मेडिकेअरच) ती धरलेली नाही, बहुतेक राज्यांत त्यासाठी वेगळी व्यवस्था करावी लागते. हे आधी विचारून ठेवा म्हणजे ऐन वेळी "थांब, सकाळी जाऊ" असा घातक विचार होणार नाही. छातीत दुखत असेल तर बिलाचा विचार करत थांबू नका. अमेरिकेत १९८६ पासून कायदा आहे की हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागानं पैशाची ऐपत न पाहता रुग्णाला तपासलं पाहिजे आणि स्थिर केलं पाहिजे.

पायरी ३: पहिला डॉक्टर कोण, ते ठरवा

कोल्हापुरात गुडघा दुखला की आपण थेट हाडाच्या डॉक्टरकडे जातो. संध्याकाळी राजारामपुरीत नंबर लावला की तासाभरात तपासणी, लगेच एक्स-रे, येता येता मेडिकलमधून गोळ्या. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियात आधी फॅमिली डॉक्टर, त्यांची चिठ्ठी, मग तज्ज्ञाची तारीख. फॅमिली डॉक्टर मिळाला नाही तर मोठं हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर असूनही त्याचं दार उघडत नाही. म्हणून हॉस्पिटलच्या आधी डॉक्टर शोधा.

मुलांना एवढंच विचारा: "तुमचा डॉक्टर नवीन पेशंट घेतो का, आणि आमच्या वयाचे पेशंट त्याच्याकडे आहेत का?" कॅनडात अनेक ठिकाणी फॅमिली डॉक्टर मिळायला फार वाट पाहावी लागते, तोवर वॉक-इन क्लिनिकवर, म्हणजे आधी नाव न नोंदवता जाता येणाऱ्या दवाखान्यावर, चालवावं लागतं. इंग्लंडमध्ये डॉक्टरकडे नाव नोंदवायला पत्त्याचा पुरावा किंवा व्हिसा दाखवणं बंधनकारक नाही, तरी रिसेप्शनवर कधी कधी मागतात. शांतपणे सांगा आणि अर्ज भरा.

चिठ्ठीशिवाय तिथं अँटिबायोटिक मिळत नाही, बीपीची गोळीही नाही. सुरुवातीच्या काळापुरती औषधं मूळ पाकिटात, चिठ्ठीसह नेणं म्हणूनच गरजेचं. किती दिवसांची नेता येतात, ते त्या देशाच्या नियमात पाहा.

पायरी ४: आता हॉस्पिटल पारखा

इथं लोक इंटरनेटवरचे तारे पाहतात. ते तारे बहुतेक पार्किंग, रिसेप्शन आणि वाट पाहण्याबद्दल असतात. त्यावर आयुष्याचा निर्णय घेऊ नका. सरकारी, फुकट आणि कुणालाही कोल्हापुरातून पाहता येणारी माहिती उपलब्ध आहे.

अमेरिकेत मेडिकेअरचं 'केअर कंपेअर' नावाचं संकेतस्थळ आहे. मुलाच्या घराचा पिनकोड टाकला की आसपासची हॉस्पिटलं १ ते ५ ताऱ्यांसह दिसतात, आणि तीन हॉस्पिटलं शेजारी शेजारी ठेवता येतात. एकूण ताऱ्यांवर थांबू नका. आत जाऊन तुमच्या आजाराची ओळ काढा: हृदयविकाराच्या झटक्यानंतर मृत्यूचं प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा कमी की जास्त, डिस्चार्जनंतर महिन्याभरात परत किती रुग्ण दाखल झाले, हॉस्पिटलमध्ये होणारे जंतुसंसर्ग किती. परत दाखल होण्याचा आकडा मला सगळ्यात बोलका वाटतो, कारण घरी पाठवण्याची घाई आणि नंतरची देखभाल दोन्ही त्यात उमटतात.

इंग्लंडमध्ये केअर क्वालिटी कमिशन हॉस्पिटलची तपासणी करून चार दर्जे देतं: उत्कृष्ट, चांगलं, सुधारणा हवी, अपुरं. दर्जा विभागवार असतो. एकूण 'चांगलं' असलेल्या हॉस्पिटलचा इमर्जन्सी विभाग 'सुधारणा हवी'मध्ये असू शकतो, आणि तुम्हाला लागणार आहे तो नेमका तोच विभाग. ऑस्ट्रेलियात 'मायहॉस्पिटल्स'वर इमर्जन्सीतला आणि ठरवून करायच्या ऑपरेशनचा प्रतीक्षाकाळ दिसतो. कॅनडात सीआयएचआय ही संस्था अशी माहिती देते. आखातात जेसीआय मानांकन आहे का, ते पाहा. आपल्याकडच्या एनएबीएचसारखंच ते पद्धती तपासणारं मानांकन आहे. तिथला हृदयतज्ज्ञ किती कुशल आहे, हे त्यातून कळत नाही.

प्रतीक्षाकाळ गंभीरपणे घ्या. गुडघ्याच्या सांधारोपणासाठी कॅनडाचं राष्ट्रीय उद्दिष्टच २६ आठवड्यांचं आहे. इंग्लंडमध्ये चिठ्ठी मिळाल्यापासून उपचार सुरू होईपर्यंत १८ आठवड्यांचं उद्दिष्ट आहे आणि गेली अनेक वर्षं ते गाठता आलेलं नाही. जीव धोक्यात असेल तर हीच व्यवस्था अतिशय वेगानं धावते. दुखणं सहन होण्यासारखं असेल तर मात्र रांगेत थांबावं लागतं. दोन्ही खरं आहे, आणि तुमच्या यादीतला कोणता आजार कोणत्या बाजूला पडतो, ते आधीच ओळखा.

मग नकाशा उघडा. घरापासून अँजिओप्लास्टी होणाऱ्या हॉस्पिटलपर्यंत किती मिनिटं, तेही थंडीच्या दिवसांत बर्फ पडलेला असताना. मुलगा-सून कामावर असताना तुम्हाला तिथं कोण नेणार. सर्वात जवळचं हॉस्पिटल छोटं असेल तर तिथून मोठ्या हॉस्पिटलकडे कसं हलवतात. हे प्रश्न मुलांनी हॉस्पिटलला फोन करून विचारावेत आणि उत्तरं तुमच्या त्याच कागदावर लिहावीत.

पायरी ५: भाषा आणि निर्णय

आपल्याकडे मोठा आजार निघाला की घरातले डॉक्टरांना बाजूला घेतात आणि सांगतात, "आईला काही बोलू नका." तिथं ते चालत नाही. डॉक्टर निदान थेट रुग्णाला सांगतात आणि सहीही रुग्णाचीच घेतात. अनेकांना याचा धक्का बसतो, म्हणून घरात आधीच बोलून घ्या. तुम्ही बेशुद्ध असाल तेव्हा तुमच्या वतीनं कोण ठरवणार, व्हेंटिलेटर किती दिवस, हे लिहून ठेवायचा फॉर्म तिथं असतो. अमेरिकेत फॅमिली डॉक्टरच तो देतात. विषय जड आहे, पण तो तब्येत ठणठणीत असतानाच नीट बोलता येतो.

इंग्रजी कामापुरतं येत असलं तरी दुखण्याचं वर्णन परक्या भाषेत अवघड जातं. ठणका, कळ, जळजळ, मुंग्या यांतला फरक मराठीतच सांगता येतो. सरकारी निधी घेणाऱ्या अमेरिकन हॉस्पिटलांना दुभाषा मोफत द्यावा लागतो. ऑस्ट्रेलियात १३१ ४५० या क्रमांकावर दुभाषा सेवा आहे. मराठी दुभाषा मिळतो का, ते अपॉइंटमेंट घेतानाच विचारा. मुलगा किंवा सून बरोबर असली तरी दुभाषा मागा. लघवीचा त्रास, अंगावरून जाणं, मनाची उदासी या गोष्टी आपण मुलांसमोर गाळतो आणि डॉक्टरला अर्धीच हकिगत कळते.

रात्री नातेवाईक उशाशी बसतील, घरून डबा येईल, हेही धरून चालू नका. जेवणाचा प्रश्न सुटतो; शाकाहारी असल्याचं दाखल होतानाच नोंदवा. एकटेपणा जास्त जाणवतो.

पायरी ६: पोचल्यावर पहिल्या महिन्यात

आजारी नसताना एकदा तिथं जाऊन या. इमर्जन्सीचं दार कुठं, गाडी कुठं लावायची, घराजवळचं अर्जंट केअर किती वाजता बंद होतं. नवीन डॉक्टरकडे पहिली भेट फक्त फाईल दाखवण्यासाठी घ्या. ते तुमचं पत्र वाचतात की संगणकाकडे बघत राहतात, पाय तपासतात की नाही, पुढची तारीख स्वतः देतात की नाही, यावरून बरंच कळतं. मन पटलं नाही तर डॉक्टर बदला.

फ्रिजवर मोठ्या अक्षरात तीन गोष्टी चिकटवा: आपत्कालीन क्रमांक, घराचा पूर्ण पत्ता, आणि औषधांची यादी. क्रमांक अमेरिका-कॅनडात ९११, ब्रिटनमध्ये ९९९, ऑस्ट्रेलियात ०००, दुबईत अ‍ॅम्ब्युलन्ससाठी ९९८. पत्ता इंग्रजीत मोठ्यानं वाचायचा सराव दोघांनीही करा. घरात एकटं असताना फोन करायची वेळ आलीच, तर घाबरलेल्या माणसाला अपार्टमेंटचा नंबर आठवत नाही.

पायरी ७: इथलं दार उघडं ठेवा

मोतीबिंदू, दातांची कामं, कवळी, नवीन चष्मे, पुढं ढकललेलं हर्नियाचं ऑपरेशन, हे सगळं निघण्याआधी इथंच उरका आणि बरं व्हायला पुरेसा वेळ द्या.

इथला मेडिक्लेम बंद करू नका. तो बहुधा भारतातल्या उपचारांपुरताच असतो म्हणून लोक हप्ता थांबवतात. परत आल्यावर नवीन पॉलिसी घेतली तर जुन्या आजारांसाठी ३ वर्षांपर्यंत पुन्हा थांबावं लागू शकतं, आणि सत्तरीनंतर नवीन पॉलिसी मिळणंच कठीण. सत्तरीपुढच्यांसाठी आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, तेही भारतातल्या नोंदणीकृत रुग्णालयांतच. कार्ड काढलं नसेल तर जाण्याआधी काढून घ्या.

सांधारोपणासारखं ठरवून करायचं ऑपरेशन कोल्हापुरात येऊन करायचं की तिथं, याचा हिशेब दोन्हीकडचे दर, तिथला प्रतीक्षाकाळ आणि नंतर महिना-दीड महिना सांभाळायला कोण आहे, हे तिन्ही मांडून करा. शेवटचा मुद्दा बहुतेक वेळा निर्णायक ठरतो. यायचं ठरलं तर व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा. नुकतंच हॉस्पिटलमधून बाहेर पडला असाल किंवा विमानात ऑक्सिजन लागणार असेल, तर विमान कंपनीचा वैद्यकीय फॉर्म तिथल्या डॉक्टरकडून भरून घ्यावा लागतो. फाईल आणि गोळ्या हातातल्या बॅगेत ठेवा. आणि शक्य असेल तर जुलै-ऑगस्ट टाळा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन शहरात येणारी वाहतूक बंद पडली होती. मुंबईत उतरून पुढचे पावणेचारशे किलोमीटर ऑपरेशनच्या तारखेआधी गाठायचे असतील, तर तारीख पावसाळ्याच्या बाहेरची घ्या.